मान टाकलेलं अंजीर

टेलरकाकूंच्या घरी मोज्यांचा कप्पा उघडला की हाताला टोमॅटो लागायचे. हिरवे, दगडासारखे कडक, एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मोजे केव्हाच वरच्या कप्प्यात टॉवेलांच्या संगतीला गेले होते, कारण घरातल्या सगळ्या कप्प्यांमध्ये मोज्यांच्या कप्प्याचं हवामान सर्वांत उत्तम, असा निकाल त्यांच्या नवऱ्यानं, गोदामकाकांनी, दिला होता. उशांच्या कपाटात भोपळी मिरच्या होत्या. पलंगाखाली नासपती होत्या, आणि त्यांच्यामुळे तिथे झाडू जात नव्हता.

गल्ली दोघांना त्यांच्या कामावरूनच ओळखायची. काकू एका कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला मशीन घेऊन बसायच्या आणि लोकांच्या पँटी आखूड, शर्ट सैल आणि चेनी नव्या करून द्यायच्या. काका फळांच्या गोदामातून, म्हणजे शीतगृहातून, निवृत्त झाले होते. तिथे फळ यायचं ते हिरवं. ते कधी पिकायचं, किती पिकायचं आणि कोणत्या दिवशी दाराबाहेर पडायचं, हे काका ठरवायचे. पिकवणीच्या खोल्यांच्या किल्ल्या जन्मभर त्यांच्या कमरेला होत्या. त्यामुळे झाडावर पिकलेलं फळ दिसलं की त्यांना ते आपलंच नुकसान वाटायचं. "माल हातचा गेला," असं म्हणत ते त्याच्याकडे बघायचे, आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं हिरवं तोडून आत घेऊन यायचे.

घरामागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यात लावायचं काकूंनी आणि तोडायचं काकांनी, अशी वाटणी झाली होती. ती कुणी ठरवून केली नव्हती. काकू दिवसभर दुकानात आणि काका दिवसभर घरात, म्हटल्यावर दुसरं काय होणार? काकूंनी बी पेरावं, रोपं जपावीत, शेणखत आणून घालावं, किडे हातानं वेचावेत, आणि टोमॅटोच्या गालावर जरा कुठे लाली चढतेय असं वाटावं, तर संध्याकाळी घरी येऊन बघतात तो झाड मोकळं. शेजारीण एकदा भिंतीवरून वाकून म्हणाली, की काकू, तुमच्याकडच्या मिरच्या लाल होण्याच्या जातीच्या नाहीत का हो? काकूंनी तिला उत्तर दिलं नाही. उत्तर त्यांच्यामागे खुर्चीवर बसून मिरच्यांचे देठ पुसत होतं.

बरं, काका अगदीच चूक असते तर भांडून तरी मोकळं होता आलं असतं. पण नासपतीच्या बाबतीत ते बरोबर निघाले. नासपती झाडावर पिकू दिली तर आतून पिठूळ होते. काकांनी ती कडक असताना उतरवली, पलंगाखाली ठेवली, रोज सकाळी गुडघे टेकून तिचा वास घेतला, आणि एका दिवशी कापून बशीत पुढे ठेवली तेव्हा रस कोपरापर्यंत ओघळला. त्या एका नासपतीनं काकूंच्या सगळ्या वादांवर पाणी ओतलं. तेव्हापासून काहीही बोललं की काका म्हणायचे, "नासपतीच्या वेळी पण तू असंच म्हणाली होतीस."

हे फळांपुरतं असतं तरी चाललं असतं. पण हा माणूस सगळ्याच बाबतींत आधी. गाडी सुटायच्या दोन तास आधी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसणार. पाहुणे यायच्या आधी जेवून घेणार. मुलगी दूर गावी असायची, रविवारी तिचा फोन यायचा, आणि तो वाजताना ऐकण्याची काकूंना भारी हौस. पण काका सकाळीच स्वतः फोन लावून सगळी खुशाली विचारून घ्यायचे आणि काकूंना सांगायचे, "बरी आहे ती. झालं बोलणं."

बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या मागच्या मैदानात शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरायचा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून लोक आपापल्या शेतातलं घेऊन यायचे, आणि ज्याचा हंगाम तेच तिथे मिळायचं. काकूंचा त्या बाजारावर जीव होता, आणि शनिवारची सकाळ म्हणजे दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. आठवडाभर लोक लांब पँटी घालून सुखानं फिरतात. शनिवार उजाडला की सगळ्यांना एकदम आपले पाय आखूड असल्याचं आठवतं. काकू सुटून धावतपळत मैदानात पोचायच्या तेव्हा ताडपत्र्या गुंडाळल्या जात असायच्या. उरलेसुरले पिकलेले टोमॅटो कुणीतरी त्यांच्या पिशवीत ओतायचं. घरी आल्या की त्या ओट्याशी उभ्या राहून एकेक टोमॅटो मीठ लावून खायच्या, आणि काका लांबून म्हणायचे, "फेकायच्या लायकीचा माल आहे तो." एकदा काका सोबत बाजारात गेले होते. इतकं पिकलेलं आणलंत, दुपारपर्यंत काय कराल, असं त्यांनी प्रत्येक टेबलाशी थांबून विचारलं. त्यानंतर काकूंनी त्यांना कधी नेलं नाही.

आणि अंजीरवाली. तिची जागा मैदानाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत. पानं अंथरलेल्या दोन उथळ टोपल्या, बस. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. काकू पोचायच्या तोवर टोपल्यांत नुसती पानं. वर्षानुवर्षं काकूंनी ती रिकामी पानं पाहिली होती. मग एका शनिवारी एक अंजीर उरलं होतं, साल फाटलेलं, कुणी न घेतलेलं. अंजीरवालीनं ते फुकट दिलं. काकूंनी ते तिथेच उभ्यानं खाल्लं, आणि मग हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांना वाटलं, आपण आजवर अंजीर म्हणून जे काही खाल्लं ते दुसरंच काहीतरी होतं.

त्यांनी तिच्याकडे फांदी मागितली. तिनं पुढच्या खेपेला ओल्या फडक्यात गुंडाळून आणून दिली आणि एकच गोष्ट बजावून सांगितली: अंजिरानं देठापासून मान टाकली की तोडायचं, त्याच्याआधी हात लावायचा नाही. फांदी जगली. मागच्या भिंतीशी तिचं झाड झालं. पहिली काही वर्षं नुसती पानंच, हाताएवढाली. आणि यंदा पानांच्या बेचक्यांत हिरवी बटणं दिसायला लागली.

काकूंनी त्या दिवशी काकांना समोर बसवलं. टोमॅटो घ्या, मिरच्या घ्या, भोपळा कोवळा असतानाच घ्या, मी एका शब्दानं बोलणार नाही, पण अंजिराच्या वाटेला जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. काकांनी मान हलवली. काकूंनी पुन्हा सांगितलं. काकांनी पुन्हा हलवली, आणि जरा दुखावल्यासारखा चेहरा केला.

बटणं फुगली. काकू दुकानातून आल्या की चपला काढायच्या आधी मागे जाऊन येत. दुकानात काज करता करता त्यांना मध्येच हसू यायचं. मालकानं विचारलं, की काय, मुलगी येणार आहे का? काकू म्हणाल्या, तसंच काहीतरी.

एका शनिवारी त्या आल्या तर झाडावर पानंच पानं.

"अहो, अंजिरं?"

"आत ठेवलीत." काका हातातलं काम न सोडता म्हणाले. "साळुंक्या यायला लागल्या होत्या. एक दिवस अजून थांबलो असतो तर एक शिल्लक राहिलं नसतं. काळजी करू नकोस, व्यवस्थित पेंढा घातलाय, मध्ये दोन पिकलेली केळी ठेवलीत. आठवड्यात बघ."

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. गोदामातून आणलेल्या जुन्या लाकडी खोक्यांत अंजिरं ओळीनं निजवली होती. हिरवी, टणक. प्रत्येकाच्या देठाला पांढरा चीक सुकून बसला होता. आणि खोक्याच्या काठावर काकूंची कात्री होती. कापडाची. जिला घरात कागदसुद्धा कापायची बंदी होती ती. तिची पाती चिकानं एकमेकांना चिकटली होती.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते काकूंना तेव्हा कळलं. आधी कशावर ओरडावं हेच त्यांना सुचेना. शेवटी त्या कात्रीवरच ओरडल्या, कारण अंजिरांवर ओरडायला गेल्या असत्या तर रडू आलं असतं. काका म्हणाले की हातानं ओढलं असतं तर फांदी दुखावली असती, म्हणून धारेची कात्री घेतली, आणि नासपतीच्या वेळी पण… त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकूंनी दार आपटलं.

अंजीर म्हणजे नासपती नव्हे. एकदा तोडलं की ते पिकत नाही. कितीही पेंढा घाला, कितीही केळी ठेवा. काकांच्या गोदामात अंजीर कधी आलंच नव्हतं, आणि का आलं नव्हतं, हा प्रश्न जन्मभरात त्यांना पडला नव्हता. रोज सकाळी ते खोक्यांवर वाकायचे, एकेक अंजीर बोटांनी दाबायचे, जागा बदलायचे. अंजिरं आधी मऊ पडल्यासारखी वाटली, मग सुरकुतली, मग चामड्यासारखी झाली. काका म्हणत होते की खोली जरा गार पडतेय. काकू त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हत्या, आणि ते काकांना जास्त लागत होतं.

पुढच्या शनिवारी काका अंधार असतानाच उठून कुठेतरी गेले. काकू दुकानातून परतल्या तेव्हा टेबलावर अंजिराच्या पानांत बांधलेला एक पुडा होता, आणि काका लांब उभे राहून त्याच्याकडे न बघितल्यासारखं करत होते. हा माणूस आपणहून बाजारात गेला होता. अंजीरवाली यायच्या आधी तिच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला होता. सगळ्यांच्या आधी, पहिला. एवढी वर्षं हा घाईचा स्वभाव सोसला, तो आज एकदाचा कामी आला म्हणायचा. त्यांनी पुडा उघडला.

आत टोपलीतली सगळ्यात हिरवी, सगळ्यात कडक अंजिरं होती.

"निवडून घेतली," काका म्हणाले. "ती बाई मऊमऊ घालत होती पुड्यात. मी परत काढायला लावली. भांडली माझ्याशी. म्हणाली मान टाकलेली घ्या, मान टाकलेली घ्या. म्हटलं बाई, मी काही आजच जन्मलो नाही. ही टिकतील."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि खुर्चीत बसल्या. मग त्या बोलल्या. आवाज न चढवता बोलल्या, म्हणून काका घाबरले.

"लग्न झाल्यापासून मी कशाची म्हणून वाट बघितली, की तुम्ही ते आधीच तोडून माझ्यापुढे आणून ठेवता. पोरीचा फोनसुद्धा तुम्ही वाजू देत नाही. सगळं देता हो तुम्ही मला, नाही म्हणत नाही. पण सगळं कच्चं. मला एकदा, फक्त एकदा, एखादी गोष्ट तिच्या वेळेला हवी होती."

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतले पडदे उघडे होते आणि खोकी दिसत नव्हती. तो रविवार होता. फोन दुपारी वाजला, आणि तो वाजेपर्यंत काका मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले होते. काकू मुलीशी बोलल्या, पण राग काही उतरला नाही. उलट वाढला, की एवढं साधं होतं तर आजवर का नाही जमलं?

त्याच आठवड्यात काकूंना ते दिसलं. झाडाच्या भिंतीकडच्या बाजूला, दोन मोठ्या पानांच्या आड, कात्रीच्या नजरेतून सुटलेलं एक अंजीर. इतरांपेक्षा मागे राहिलेलं, अजून हिरवं. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पानं पुन्हा ओढून घेतली. रात्री भांडी आवरल्यावर त्यांनी अस्तराच्या तुकड्याची एक छोटी पिशवी शिवली, तोंडाला नाडी घातली, आणि सकाळी दुकानात जाण्याआधी ती अंजिरावर चढवून पक्की गाठ मारली. पाखरांपासून आणि नवऱ्यापासून, दोघांपासून. घरात त्यांनी ह्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काकाही मूग गिळून होते. रोज संध्याकाळी काकू कचरा टाकायला म्हणून मागे जायच्या आणि पिशवीवरून हात फिरवायच्या. त्यांचा जीव त्या एका फळात अडकला होता, आणि ह्या वयात आपला जीव अंजिरात अडकावा ह्याची त्यांना लाजही वाटत होती.

मग आलाच तो शनिवार. दुकानात माणसांची ही गर्दी. काकू एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून पँटला टाचण्या लावत होत्या, चार टाचण्या ओठांत धरलेल्या, तेवढ्यात समोर काकांच्या चपला दिसल्या. काका दुकानात कधी यायचे नाहीत. घामानं डबडबले होते.

"चल," ते म्हणाले. "मान टाकलीय."

काकूंनी टाचण्या तोंडातून काढल्या. हे कशाबद्दल, ते विचारायची गरज नव्हती. तुम्हाला कुणी सांगितलं, एवढंच त्या म्हणाल्या.

"पिशवी माझ्या कोटाच्या अस्तराची आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखली. रोज बघतोय. काल ताठ होतं, आज सकाळी वाकलं. बुडाशी थेंब आलाय. संध्याकाळपर्यंत नाही राहायचं ते."

"मग तोडून का नाही आणलंत?" काकू चिडूनच म्हणाल्या. जन्मभर न विचारता तोडणाऱ्या माणसाला आज नेमकी ही बुद्धी सुचावी?

काकांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मला नाही कळत त्यातलं," ते म्हणाले. "तूच ये."

हे वाक्य काकूंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पण ते ऐकायला वेळ कुणाला होता? मालक काउंटरवरून म्हणाला की ही पँट झाल्याशिवाय उठायचं नाही, साहेबांना समारंभाला जायचंय. काकू मशीनवर बसल्या. बॉबिनचा दोरा संपला. तो भरला. एक पाय झाला, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटलं की अर्धं बोट अजून वर हवी. उसवली. पुन्हा शिवली, तर सुई मोडली. काका बसा म्हटलं तरी बसत नव्हते. दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते, जणू गाडी चुकतेय. काकूंना मालकाचा राग येत होता, गिऱ्हाइकाच्या पायांचा राग येत होता, आणि काकांच्या घामाचाही. शेवटी पँट टेबलावर टाकून त्या उठल्या. मागून मालक काहीतरी म्हणाला, ते त्यांनी ऐकलं नाही.

घरापर्यंत दोघंही अर्धवट पळत आली. काकूंनी चपला न काढताच मागचं दार उघडलं.

झाडाखाली काकांचं स्टूल होतं. वर पिशवी होती, पण नाडी सुटून लोंबत होती, आणि तिच्या तोंडाशी बसलेली साळुंकी दोघांना बघून सावकाश उडाली. भ्यालीसुद्धा नाही. अंजिराचा अर्धा भाग गेला होता. उरलेला अर्धा देठाला लटकत होता, आतून लालभडक, आणि त्याच्यावर मुंग्यांची ये-जा सुरू झाली होती.

"गाठ कुणी सोडली?"

"मी," काका म्हणाले. "वास बघायला."

"आणि बांधली का नाही?"

काकांचा चेहरा पडला. "तुला बोलवायची घाई झाली," ते म्हणाले.

काकूंना एकाच वेळी त्यांना बडवावंसं वाटलं आणि मोठ्यानं रडावंसं वाटलं. आयुष्यभर ह्या माणसानं पाखराला एक दाणा मिळू दिला नाही. आणि ज्या दिवशी पहिल्यांदा हात आवरून बायकोला विचारायला धावला, त्याच दिवशी पाखरू बरोबर आलं. आता ओरडायचं तरी कुणावर? त्यांनी अर्धं अंजीर अलगद धरलं. ते तोडावंही लागलं नाही, आपण होऊन हातात आलं. मुंग्या फुंकल्या, चोच लागलेला भाग नखानं काढून टाकला, आणि जे राहिलं त्याचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला. एक काकांपुढे धरला.

तीच चव होती. बाजारात भिंतीच्या सावलीत उभ्यानं खाल्लेली.

काका आपला तुकडा बराच वेळ चघळत होते. त्यांनी तो लगेच गिळला नाही. मग बोटं चाटली, आणि गोदामातला नापास माल बाजूला काढताना ते जे म्हणायचे तेच म्हणाले, फक्त फार हळू.

"हे टिकलं नसतं."

"नाही," काकू म्हणाल्या.

"आता पुढचं कधी?"

"पुढच्या वर्षी."

काकांनी मान हलवली. स्टूल जरा सावलीत सरकवलं, झाडाकडे तोंड केलं, आणि ते बसून राहिले.